रंगाखाली गेलेले बाण

एका ट्रकच्या शाफ्टचं प्रकरण माझ्या मनातून अजून जात नाही. पोलीस ठाण्याची पायरी मी आयुष्यात एकदाच चढले, ती त्या शाफ्टमुळे. कोणाचं नाव इथे लिहीत नाही. ड्रायव्हर, मालक आणि साहेब, एवढं पुरे आहे.

मंगरूळपीरला रस्त्याच्या कडेला आमचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. गुडघ्यांमुळे ते सोडून आता वर्ष झालं. काम मी नवऱ्याच्या, म्हणजे यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे शाफ्टचं सगळं माझ्याकडेच आलं. गिऱ्हाइकाशी बोलायचं यांनी, गाडीखाली जायचं मी. मला ते बरं वाटायचं. गाडीखाली कोणाशी बोलावं लागत नाही.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी ठाण्यातले जमादार गॅरेजवर आले.

"वयनी, साहेबानं बलावलं तुमाले."

"तिले कायले?" हे म्हणाले. "मी येतो ना."

"तुमीबी या. पण जबाब वयनीचा हाय. क्रॉस त्याइनं बसवला म्हणते मालक."

इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब, नळीसारखा दांडा म्हणजे शाफ्ट. त्याच्या टोकाला अधिक चिन्हाच्या आकाराचा लोखंडी तुकडा असतो, तो क्रॉस. त्याच्या चार टोकांवर चार कप बसतात. जमादार ज्याबद्दल बोलत होते तो ट्रक मी ओळखत होते. दसऱ्यानंतर ड्रायव्हर तो घेऊन आला होता. गिअर टाकून गाडी उचलली की मागून खट्ट आवाज यायचा. मी चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली आणि खाली जाऊन शाफ्ट हातानं इकडेतिकडे फिरवला. मागच्या क्रॉसमध्ये खेळ होता, म्हणजे तो सैल हलत होता, आणि कपांच्या कडेला तांबडी भुकटी जमली होती. ग्रीस संपून क्रॉस कोरडा पडला की अशी भुकटी येते. मालकानं नवा क्रॉस दुकानातून आणून ड्रायव्हरजवळ दिलाच होता. तो मी बसवला.

जमादारांनी वाटेत सांगितलं ते असं. आदल्या दिवशी कामरगावजवळ सोयाबीन भरलेल्या त्या ट्रकचा मागचा क्रॉस तुटला आणि शाफ्ट रस्त्यावर घासत गेला. मालकाचं म्हणणं, ड्रायव्हरनं नवा क्रॉस विकला आणि कुठला तरी जुना बसवून घेतला. त्यानं तसा अर्ज दिला होता. गुन्हा अजून नोंदला नव्हता.

ठाण्यात शिरायच्या आधी हे मला हळूच म्हणाले, "नवा बसवला, एवढं सांगजो अन् घरी चाल."

ड्रायव्हर आत बाकावर बसला होता. मेडशीकडचा, चाळिशीचा माणूस. मालक खुर्चीवर होता. टेबलावर तुटका क्रॉस ठेवला होता.

"हे पाहा साहेब," मालक म्हणाला, "हा काय महिन्याभराचा क्रॉस हाय? चावून टाकल्यावानी झाला. दहा वर्सं गाड्या चालवून राह्यलो मी."

"मालक, म्या इकला नाई," ड्रायव्हर म्हणाला. "पोरीची आन."

"पोरीले मधात आणू नको!"

साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले होते. त्यांनी मालकाला हातानं थांबवलं. "ताई, क्रॉस तुम्ही बसवला?"

"हो."

"नवा होता?"

"हो. खोका मीच फोडला."

जमादारांनी लिहून घेतलं. माझा जबाब एवढाच झाला.

"सगळे मिळालेले हायेत," मालक म्हणाला. "नवा होता तर महिन्यात गेला कसा, ते इचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. लाजऱ्या बाईला फार कोणी खोदून विचारत नाही, तसं त्यांनीही विचारलं नाही. ते जमादारांना म्हणाले, "संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही तर गुन्हा नोंदवून घ्या."

ड्रायव्हरनं डोळे मिटून घेतले. एकदा गुन्हा नोंदला की आमच्या भागात त्याच्या हाती गाडी कोणी दिली नसती, आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं.

हे उठले. मला उठता आलं नाही. माझी नजर टेबलावरच्या क्रॉसवर होती. त्याच्या टोकांवर बारीक चर पडले होते, पण ग्रीस ओलं होतं. तांबडी भुकटी नव्हती. हा क्रॉस कोरडा पडून गेला नव्हता. याला कशानं तरी हादरे देऊन मारलं होतं.

मी काहीतरी बोलले. ते कोणाला ऐकू गेलं नाही.

"काय म्हणता वयनी?" जमादार वाकले.

"शाफ्ट कुठे आहे?"

शाफ्ट मागच्या आवारात पोत्यांवर ठेवला होता. सगळे तिथे आले. मी ड्रायव्हरला विचारलं, "भाऊ, क्रॉस बदलायच्या आधी गाडी थरथरायची का?"

"नाई. खट्ट वाजे फकस्त."

"आणि नंतर?"

तो आपल्या चपलांकडे पाहू लागला.

"बोल की," जमादार म्हणाले. "वयनीनं इचारलं तर तोंडाले कुलूप?"

"नंतर खट्ट गेलं," तो हळूच म्हणाला. "चाळीसच्या वर गेलं की थरथरे."

तेव्हा मला आठवलं. क्रॉस बसवल्यावर आठ दिवसांनी तो गॅरेजवर येऊन हेच सांगून गेला होता. मी एका गाडीखाली होते. तिथूनच म्हणाले होते, नवा क्रॉस आहे, बसेल आपल्या जागेवर. बाहेर येऊन पाहिलंसुद्धा नव्हतं.

"हे तू मला का सांगितलं नाहीस?" साहेबांनी त्याला विचारलं.

"सांगतलं असतं तर तुमी वयनीले धरलं असतं साहेब. बाईमाणसाले ठाण्यात कायले वढायचं?"

मी जमादारांना ब्लेड मागितलं. शाफ्टच्या मधे एक सरकता सांधा असतो, एका नळीच्या दातांमध्ये दुसरी नळी जाते. दोन्ही नळ्यांवर कारखान्यातून बाण कोरलेला असतो. बाणासमोर बाण आला पाहिजे. एकदोन दात जरी चुकले, तरी शाफ्ट फिरताना हिसके मारतो आणि ते हिसके क्रॉसला बसतात. मी क्रॉस बदलताना हा सांधा उपसला होता. परत जोडताना बाण शोधला, दिसला नाही, आणि अंदाजानं जोडून दिला.

मी शाफ्टवरचा रंग खरवडायला घेण्याआधी साहेबांनी दोन पंच बोलवायला सांगितले. समोरचा चहावाला आणि सायकल दुकानवाला आले. मी ब्लेड चालवलं. दसऱ्याच्या पूजेसाठी आमच्याकडे ट्रक धुऊन रंगवतात. या मालकानं चेसिसच काय, शाफ्टसुद्धा चंदेरी रंगानं रंगवून घेतला होता. रंगाचे पापुद्रे निघाले. एक बाण दिसला. दुसरा त्याच्यापासून दोन दात बाजूला होता.

"म्हणजे काय?" साहेब म्हणाले.

हे माझ्या मागे उभे होते. त्यांनी माझा पदर किंचित ओढला.

"सांधा मी चुकीचा जोडला," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांगा ताई. लिहून घ्यायचं आहे."

"सांधा मी चुकीचा जोडला. क्रॉस नवाच होता. यानं गाडी थरथरते म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. याची काही चूक नाही."

एवढ्या मोठ्यानं मी घरातसुद्धा कधी बोलले नव्हते.

मालकानं वाकून दोन्ही बाणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "रंग तर म्याच माराले लावला होता." त्याचा आवाज उतरला होता. ब्लेड मारायला दोन मिनिटं लागली होती. तीच दोन मिनिटं त्या दिवशी गॅरेजमध्ये मी दिली नव्हती, म्हणून रंगावर मी काही ढकललं नाही.

मालकानं अर्ज मागे घेतला. मी जबाबाखाली सही केली. पंचांच्या सह्या झाल्या आणि साहेबांनी शाफ्ट मालकाच्या ताब्यात दिला.

दुपारी शाफ्ट गॅरेजवर आला. नळी वाकली आहे का ते आधी फिरवून पाहिलं. सरळ होती. पुढचा क्रॉसही हादऱ्यांनी सैल झाला होता, तोही बदलायला सांगितला. कप दाबून काढले, आतल्या बेअरिंगच्या बारीक सुया मोजून घेतल्या, नवे क्रॉस बसवले, लॉक लावले, चारही टोकांतून बाहेर येईपर्यंत ग्रीस भरलं. मग बाणासमोर बाण आणून सांधा जोडला आणि शेजारी छन्नीनं माझी खूण केली, म्हणजे पुन्हा कोणी रंगवलं तरी बोटाला लागेल.

चाचणीला मी केबिनमध्ये बसले. याआधी कधी बसत नव्हते. चाळीस झाले, पन्नास झाले. गाडी शांत होती.

"आता कसं वाटते वयनी?" ड्रायव्हर म्हणाला.

"तू सांग," मी म्हणाले.

तो हसला. "लोण्यावानी."

घरी जाताना हे म्हणाले, "गॅरेजचं नाव गेलं." थोडं गेलंही. दोन मालकांनी गाड्या आणणं बंद केलं. खोटं कशाला लिहू?

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. हळू बोलणाऱ्या माणसाला लोक निर्दोष समजतात. माझा तीन वाक्यांचा जबाब खरा होता आणि तेवढ्यावर मी घरी आले असते. पण त्या खऱ्या जबाबावर एक माणूस कामाला मुकला असता. त्यानं सकाळपासून बाकावर बसून माझी चूक पोटात ठेवली होती आणि मला ती आठवतसुद्धा नव्हती.

त्यानंतर गॅरेज बंद होईपर्यंत मी एक नियम पाळला. काम झालेली गाडी घेऊन कोणी परत आला, तर मी गाडीखालून बाहेर यायचे, हात पुसायचे आणि त्याचं बोलून होईपर्यंत पान्याला हात लावायचे नाही.