छोटे मालक आणि त्यांचं कुत्रं

स्वतःच्याच घरातून बाहेर पडताना परवानगी मागणारे उभ्या तुमसरात एकच गृहस्थ आहेत, आणि ते म्हणजे माझ्या वहिनीचे काका. परवानगी मागायची ती भिंतीवरच्या चित्राकडे. जरीची टोपी घातलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा आणि त्याला बिलगून बसलेलं कुत्रं. जवळच्या गावातल्या मालगुजाराच्या वारसांनी घरातलं सामान विकायला काढलं, तेव्हा काका तिथे कपाट घ्यायला गेले आणि हे जुनं तैलचित्र घेऊन आले. काकांचे कपडे अजून दोरीवरच असतात. मुलगा कोण, कुठल्या काळातला, कुणालाच ठाऊक नाही. चित्रकाराने कुत्रं कधी पाहिलं होतं की नाही याचीही मला शंका आहे, कारण ते बरंचसं बकरीसारखं दिसतं. पण काकांपुढे तसं बोलायची सोय नाही. सगळी नोकरी राइस मिलच्या मालकांपुढे मान डोलावण्यात गेलेली, म्हणून मुलाचं नाव त्यांनी ‘छोटे मालक’ ठेवलं. बाजाराची पिशवी घेतली की आधी चित्रासमोर उभे राहतात. “छोटे मालक, भाजी आनाले जाऊन राहिलो जी.”

आपल्याकडे भिंतीवर जुनी तसबीर दिसली की पाहुण्याचे हात आपोआप जुळतात. दसऱ्याला आलेल्या एका सद्‌गृहस्थांनी तर तिला झेंडूचा हारच चढवला आणि आवाज खाली आणून विचारलं, “केव्हा गेला?” काका कप तसाच ठेवून धावले. “हार काहून टाकून राहिले? पोरगा खेळून राहिला ना जी!” तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा म्हणून खाऊ-पैसे मागायला येतात, तेव्हा खाऊचा पहिला वाटा चित्रापुढे जातो. त्या वाट्यातला लाडू संध्याकाळी काकाच खातात, कारण छोट्या मालकांना गोड मानवत नाही.

काकू गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. यंदा दिवाळीत काकांचा मुलगा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला. काकांनी बॅग भरली. पण चित्राच्या चौकटीला वाळवी लागलेली, हलवली तर भुगा होईल, आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये तेवढी भिंतही नाही. “कुणाला तरी देऊन टाकू, बाबा,” मुलगा म्हणाला. काका तासभर चित्रासमोर बसले आणि भरलेली बॅग त्यांनी रिकामी केली. “पोराले एकट्याले टाकून कसा येऊ?” मुलगा एकटाच परत गेला. जाताना तो बापाशी बोललासुद्धा नाही.

मी त्या संध्याकाळी गेलो, तर काका अंधारातच बसलेले. त्यांना जरा हसवावं म्हणून मी म्हणालो, “काकाजी, चित्रातला मुलगा एकटा कुठे आहे? त्याला कुत्र्याची सोबत आहे की.”

“हो ना,” काका म्हणाले. “त्याले कुत्रा हाये.” मग ते माझ्याकडे वळले. “पोरगा, सून दोघंबी सकाळीच ड्युटीवर जातेत, बाबू. तेथं दिवसभर मी कोनासंग बोलू?”

मला फार वाईट वाटलं. उठून दिवा लावायचंही माझ्या लक्षात आलं नाही.