नजीरचा रिपोर्ट मी वाचला तेव्हा

मी मास्तर. भोकरमध्ये कुणाच्या घरी इंग्रजी कागद आला की तो माझ्या ओट्यावर येतो. बँकेची नोटीस असो की डॉक्टरचा रिपोर्ट, तीस वर्षं वाचून सांगतोय. त्याचा मला लई माज होता, आता लपवून काय करू?

नजीर टेलर सहा वर्षांपूर्वी असाच आला. पोटात दुखलं, मुतखडा असेल म्हणून नांदेडला सोनोग्राफी केलेली. दुखणं वाटेतच थांबलं, म्हणून डॉक्टरला न दाखवता तो रिपोर्ट घेऊन माझ्याकडे. मी वाचला. खडा नव्हता, पण स्वादुपिंडात चरबी साठल्याचं लिहिलं होतं.

मी खो खो हसलो. नजीर म्हणजे निव्वळ काडीपैलवान. म्हटलं, तुझ्या अंगावर मांस नाही, चरबी कुठली? कुण्या शेठचा रिपोर्ट तुझ्या हाती दिला त्यांनी.

तो चाचरत म्हणाला, हातपाय वाळके हायत, पण स्वतःच्या पँटीची कंबर मी दरसाल दोन बोटं उसवतो. आयुष्य मापात गेलेला माणूस, त्याला कळत होतं. मी म्हटलं, सुखाचं पोट हाय ते. आणि दोन चहा सांगितले, जादा साखरेचे. रिपोर्टच्या तळाला एक ओळ होती, साखर तपासून घ्यावी. तिथवर मी गेलोच नाही.

पुढं त्याला तहान लागायची. मशीनपाशी पाण्याची कळशी आली. त्याची बायको सुलतानबी तपासणीसाठी मागं लागली की तो सांगायचा, गुरुजींनी रिपोर्ट पाहिलाय. मग सुईत दोरा ओवायला तो गिऱ्हाइकाला सांगू लागला. माझ्या नातवाच्या गणवेशाची एक बाही चार बोटं लांब निघाली, तेव्हा मी चारचौघांत त्याला झापलं. तो खाली मान घालून उसवत बसला.

शेवटी सुलतानबीनं तो जुना कागद नांदेडच्या डॉक्टरपुढं टाकला. डॉक्टर म्हणाले, माणूस वरून बारीक असला तरी आत चरबी साठते. सगळ्यांनाच साखर होते असं नाही, पण धोका वाढतो, म्हणून तर तपासायला लिहिलं होतं. इतकी वर्षं अंगात राहिलेल्या साखरेनं डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं.

परवा सुलतानबी त्याला हाताला धरून ओट्यावर घेऊन आली. मला शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. खरं सांगतो, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं नवा कागद पुढं केला.

"गुरुजी, तुम्हीच वाचा. ह्या बारीला शेवटपर्यंत."

मी शेवटपर्यंत वाचलं. गेलेली नजर परत येणार नाही, असं तिथं लिहिलं होतं. ती ओळ मोठ्यानं न वाचताच मी कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"समजलं, गुरुजी," तो म्हणाला. "चहा सांगा. बिनसाखरेचा."