केटोसची उत्तरपूजा

भोर संस्थान होते तेव्हाची, तिसाच्या दशकातली ही हकीकत. मी तिथल्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो आणि संमेलनाच्या नाटकात विंगेतून प्रॉम्प्टिंग करत होतो. नाटक संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी बसवले होते. आदल्या वर्षी त्यांच्या शोकनाट्यात राजाची दाढी गळून पडली आणि मंडप हसत सुटला. यंदाही लोक हसले तर नाटक कायमचे बंद, असे मुख्याध्यापकांनी बजावले होते. शास्त्रीबुवांना नाटकाखेरीज दुसरा छंद नव्हता.

कथा ग्रीक होती. राजकन्येला खडकाला बांधले आहे, समुद्रातून एक प्राणी येतो, वीर त्याला मारतो. त्या प्राण्याला ग्रीक शब्द केटोस. त्याचा नेमका अर्थ मी कोशात पाहिला. देवमासा, शार्क, सील, मोठा मासा आणि कथेतला जलराक्षस, समुद्रातले जे जे थोर ते सगळे केटोस. "म्हणजे आपला पुराणातला तिमिंगिल," शास्त्रीबुवा म्हणाले. पण तिमिंगिल तरी कोणी पाहिला होता?

प्राणी बनवायला उत्रोलीचे दोघे शेतकरी भाऊ आले. शिमग्याची सोंगे तेच करत.

"शिंगं असत्यात का त्याला?" थोरल्याने विचारले.

"नसतात."

"मग भ्याचं कशाला, बुवा?"

शेवटी शिंगे बसली. बांबू, भाताचा पेंढा आणि काळे घोंगडे यांचा तो प्राणी पुढून रेडा आणि मागून मासा दिसे. अर्थ एवढा ऐसपैस असल्यामुळे मला हरकत घेता आली नाही.

प्रयोगाच्या दिवशी भावांनी रिवाजाप्रमाणे नव्या सोंगाची पूजा केली. हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि मग दोघे आत शिरले. वीराचे काम किकवीच्या, मिसरूड फुटलेल्या मॅट्रिकच्या विद्यार्थ्याकडे होते. तिसऱ्या अंकात त्याने तलवार उगारली, प्राण्याच्या कपाळावरचे कुंकू पाहिले आणि हात तसाच राहिला.

"मार रे!" शास्त्रीबुवा विंगेतून कुजबुजले.

"कसं मारू? पूजा झालीया त्याची."

हे पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेले. तिथे मुख्याध्यापक बसले होते. तेवढ्यात प्राण्याच्या पोटातून थोरल्याचा आवाज आला, "आरं, मार की! कंबर मोडली माजी!"

मंडपात हशा फुटला. शास्त्रीबुवांचा चेहरा पांढरा पडला. मी पडदा पाडायला दोरी धरली, पण त्यांनी माझा हात बाजूला केला, पूजेच्या ताटातल्या अक्षता उचलल्या आणि धोतराचा सोगा सावरत थेट रंगमंचावर गेले. गणपती बोळवताना करतात तशी त्यांनी केटोसची उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या, सोंग किंचित हलवले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पुन्हा यावे!"

"अहो बुवा, परत नका बोलावू त्याला!" खडकाला बांधलेली राजकन्या ओरडली.

"आता मार," शास्त्रीबुवा वीराला म्हणाले.

त्याने मारले. दोघे भाऊ समाधानाने आडवे झाले. टाळ्या थांबेनात.

प्रयोगानंतर मुख्याध्यापक उपरण्याने डोळे पुसत विंगेत आले. शास्त्रीबुवा हात जोडून उभे राहिले.

"लोक हसले, शास्त्रीबुवा."

"हसले, साहेब."

"मीही हसलो," मुख्याध्यापक म्हणाले. "पुढच्या वर्षी शोकनाट्य नको. असलंच काहीतरी बसवा."