मशीनची बाजू घेणारे नाना

मशीनला दोष दिलेला नानांना अजिबात खपत नसे. जळगावच्या आमच्या तपासणी केंद्रात एमआरआयचं मशीन ते चालवत. मी तिथं रेडिऑलॉजिस्ट म्हणून रुजू झाले त्याच आठवड्यात एक फोटो पुसट आला, आणि मी सहज म्हणाले, "मशीन बिघडलंय वाटतं." नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, त्याला तोंड नाही म्हणून काय वाटेल ते बोलायचं का?" पेशंट मध्येच हलला होता आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तरी राग मलाच आला. एका तंत्रज्ञानं सगळ्यांदेखत डॉक्टरला असं बोलावं! तेव्हा माझं नाक फार वर होतं.

रोज सकाळी पहिल्या पेशंटआधी नाना एक बरणी मशीनमध्ये ठेवत. जाड प्लॅस्टिकची, पाणी भरून झाकण पक्कं बंद केलेली. त्यांचे वडील वरणगावच्या कारखान्यात लेथवर होते, त्यांच्याच मापकानं नानांनी तिची रुंदी मोजून ठेवली होती. पडद्यावर तेवढीच रुंदी आली, की मग पेशंट आत. बाहेर रांग लागलेली असे. केंद्राचे मालक घड्याळाकडे बोट दाखवत विचारायचे, "नाना, आज बरणीला काय आजार झालाय?" नाना त्यांच्याकडे बघतही नसत.

पोटातल्या बाळाच्या मेंदूचा एमआरआय आमच्याकडे क्वचित होई. मशीन डोक्याचे पातळ छेद दाखवतं, पावाचे तुकडे करावेत तसे. पण बाळ काही तुमच्यासाठी स्वस्थ पडून राहत नाही. अर्ध्या मिनिटात डोकं भलतीकडे वळलेलं असतं. म्हणून नाना प्रत्येक वेळी थांबून आता डोकं कुठं आहे ते बघत आणि पुढचे छेद नव्यानं आखत. त्यात पाऊण तास जाई आणि मालकांचा जीव वरखाली होई.

संगीता आली त्या दिवशी नाना रजेवर होते, मशीनवर बदलीचा माणूस होता. तिचं माहेर नरडाण्याचं, सासर रावेरकडचं. सोनोग्राफीत काही शंका आली म्हणून तीन आठवड्यांपूर्वी, ती माहेरी असताना, धुळ्याला तिचा एमआरआय झाला होता. त्यात बाळाच्या डोक्याच्या मागच्या भागातल्या लहान मेंदूची रुंदी होती एकवीस मिलिमीटर. मी मोजली ती वीस. तीन आठवड्यांत वाढायच्या ऐवजी कमी! पंधरा मिनिटांत तपासणी उरकून 'वाढ खुंटलेली दिसते' असं लिहून मी मोकळी झाले. तिच्या डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून सांगितलं, गर्भपाताची मुदत संपत आलीय, मूल ठेवायचं की नाही ते चार दिवसांत ठरवा.

दुसऱ्या दिवशी नानांनी रिपोर्ट वाचला. "मेंदू आकसतो होय?" मी म्हणाले, धुळ्याचं मशीन वेगळ्या कंपनीचं आहे, एवढा फरक पडायचाच. मालकांना ते लगेच पटलं. "तसं एका ओळीत लिहून टाका, विषय संपला." नानांचे कान लाल झाले. "तिकडं एक पोरगी लेकरू ठेवू की नको म्हणून रडतेय, आणि तुमचा विषय संपला?"

बरणी पिशवीत घालून ते तसेच एसटीनं धुळ्याला गेले. तिथल्या ओळखीच्या तंत्रज्ञाकडून त्यांनी बरणी त्या मशीनमध्ये ठेववली आणि संध्याकाळी परत आले. नाव घेण्याजोगा फरक नव्हता. "दोन्ही मशीन एकच सांगताहेत," ते मला म्हणाले. "आता तुम्ही सांगा, तुम्ही कुठं मोजलं?"

मी फोटो पुन्हा उघडले आणि एकेक छेद तपासला. मधेच बाळानं मान वळवली होती. छेद तिरका गेला होता, लहान मेंदूच्या सगळ्यांत रुंद भागातून तो गेलाच नव्हता. मी कडेलाच कुठंतरी मोजून एका आईला तिच्या लेकराचं भविष्य सांगितलं होतं.

संगीताला परत बोलावलं. आत जाताना तिनं नानांचा हात धरला. "नाना, मन्हं लेकरू बरं शे ना?"

नाना तिच्याच बोलीत म्हणाले, "माय, मी देख्याबिगर सांगाव नही. पन आज कोनीच घाई कराव नही."

पन्नास मिनिटं लागली. रुंदी आली चोवीस. नानांनी मला ती तीनदा मोजायला लावली. धुळ्याचे जुने फोटो मागवून त्याच जागी मोजायला लावलं, तिथं एकवीसच भरले. बाळ व्यवस्थित वाढत होतं.

मालक म्हणाले, "मशीनमुळे गडबड झाली असं सांगा." नाना दारात आडवे उभे राहिले. "मशीनमुळे नाही. आपल्यामुळे." मग मी संगीताला सांगितलं, चूक माझी होती, तुझं बाळ नीट आहे. मला वाटलं, ती चिडेल, शिव्या देईल. ती खाली बघत एवढंच म्हणाली, "तीन दिन मी पोटवर हातबी ठेवा नही, डॉक्टरबाई." ते आठवलं की आजही मला माझा संताप येतो.

वर्षभरात मालकांनी नानांना घरी बसवायचं ठरवलं. कारण काय, तर काम हळू! एवढं निर्लज्ज कारण तोंडावर सांगायला त्यांना काही वाटलं नाही. आणि बैठकीत मला विचारलं तेव्हा मी काय बोलले? ज्या माणसामुळे एक जीव माझ्या हातून जाता जाता राहिला, त्याच्याबद्दल मी म्हणाले, "थोडे हळू आहेत खरे." मला माझ्या नोकरीची काळजी होती.

शेवटच्या दिवशी शाल-नारळ झाल्यावर नाना माझ्या टेबलापाशी आले. आयुष्यभर सगळ्यांवर खेकसणाऱ्या माणसानं त्या दिवशी आवाज जराही चढवला नाही.

"मॅडम, मी हळू आहे म्हणालात. मोजून म्हणालात ना?"

मी मोजलं नव्हतं. त्यांच्या पाया पडावं असं फार मनात आलं, पण खोलीत मालक होते, आणि मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही.