जहाजाच्या पाठीवर रॉटरडॅम

मिंडेलो या आमच्या बेटावरच्या बंदरगावी जानेवारीत समुद्रापलीकडच्या वाळवंटाची धूळ येते आणि खाडी दिसेनाशी होते. पाणी कुठे संपलं नि आभाळ कुठे सुरू झालं, हे छातीठोकपणे कुणी सांगू नये. अशाच एका सकाळी झुल्मिरामावशी दारात कॉफी घेऊन बसली होती, आणि खाली धुळीत एक पांढरं जहाज तरंगत होतं. पाण्यावर नव्हे, चक्क अधांतरी. मावशीने त्याचे मजले मोजायला घेतले आणि नवव्यावर कंटाळून सोडून दिले.

जहाजांचं तिला काय अप्रूप? एकदाही जहाजात पाऊल न टाकता अख्खं आयुष्य जहाजांपायी गेलं तिचं. ती पार्सलं शिवायची. गावातलं कुणी परदेशी निघालं, की ज्यांची माणसं तिकडे असत ते सगळे खाऊ घेऊन तिच्याकडे येत. पेरूच्या वड्या, खारवलेली मासळी, उसाच्या दारूची बाटली. मावशी ते पिठाच्या गोणीच्या कापडात बांधायची, सुईने घट्ट शिवायची आणि वर लाल दोऱ्याने नाव काढायची. ओळख असो नसो, जहाजावर चढणाऱ्याच्या हातात पार्सल ठेवलं की त्याने नाही म्हणायचं नाही, आणि एकदा ठेवलं की देणाऱ्यानेही परत घ्यायचं नाही, असा इथला रिवाज. मी शिवलेलं एकही पार्सल आजवर हरवलं नाही, असं ती सांगते. आपण कशाला वाद घाला!

पुढे लोक विमानाने जायला लागले. बॅगेच्या वजनाला काटा लागला, आणि शेजारपाजारचे लोक मावशीला बघून रस्ता बदलू लागले. मग आली ही सहलीची जहाजं. आधी वर्षाला पाच-दहा यायची. नवा धक्का झाला तशी आठवड्याला दोन-तीन येऊ लागली. धक्क्याला कुंपण पडलं, फाटकावर पहारेकरी बसला. जिथे मावशी आणि तिची धाकटी बहीण इवोन पाय सोडून बसायच्या, तिथे आता गावच्या माणसाला मज्जाव. जहाज लागलं की ढोल वाजतात, कोळणी पाटी डोक्यावर घेऊन फोटोला उभ्या राहतात, आणि त्या दिवशी बाजारातला मासा आपल्याला परवडत नाही. तीन हजार माणसं उतरतात, गल्ल्या भरतात, सहा तासांत परत चढतात. संध्याकाळी वाटतं, सकाळी कुणी आलं होतं की आपल्यालाच भास झाला? खोटं कशाला बोलू, मावशीच्या शेजारच्या तोईची टॅक्सी त्यांच्यावरच चालते.

तर, धूळ जराशी विरळ झाली आणि मावशीला जहाजाची पाठ दिसली. तिथे मोठी अक्षरं होती. तिने एकेक लावून वाचलं, रॉटरडॅम. कॉफी तशीच राहिली.

रॉटरडॅमला इवोन होती. पन्नास वर्षांपूर्वी गेली ती अशाच, पाठीवर तेच नाव असलेल्या जहाजातून. आता ती तिथल्या एका इस्पितळात पडून होती. कुणाला ओळखत नव्हती, चार दिवस अन्नाला शिवली नव्हती. डॉक्टरांनी महिन्याची मुदत सांगितली होती. शुद्धीत असताना तिने शेवटचं काय मागितलं, तर कामोका, मका भाजून कुटलेलं आपलं साधं पीठ, दुधात कालवून. पोस्टाने धाडलेला डबा परत आला होता. विमानाने जाणारं कुणी सापडत नव्हतं. आणि आज देवानेच जहाज दारात आणून लावलं होतं.

मावशीने मका भाजला, उखळात कुटला, डबा भरून कापडात शिवला. वर लाल दोऱ्याने इवोनचं नाव आणि खाली इस्पितळाचा पत्ता काढला. दुपारी ती फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि परत चढणाऱ्यांतली एक बाई तिने हेरली. स्वतःच्याच वयाची, स्वतःसारखीच गुडघ्यांनी बेजार. पार्सल सरळ तिच्या हातात दिलं. त्या बाईने वास घेतला, हसली, आणि वीस युरोची नोट पुढे केली. मावशीला असा राग आला की काही विचारू नका.

तोई तिथेच गिऱ्हाईक सोडत होता, तो धावला. दोन्हीकडचं ऐकलं आणि त्याने कपाळावर हात मारला.

“अगं मावशी, ती काय बसवरची पाटी आहे का? जहाज तिथलं आहे, म्हणून नाव. जाणार तिथे थोडंच? हे चाललंय ब्राझीलला. मग सगळी पृथ्वी फिरून घरी पोचेल ते मे महिन्यात.”

मावशीने बोटांवर महिने मोजले. मे महिना. तोई म्हणाला, मागून घेतो, देईल ती. पण मावशीने नकारार्थी मान हलवली, एकदा ठेवलं ते ठेवलं. ती परदेशी बाई तोईला काहीतरी विचारत होती, लाल अक्षरांवरून बोट फिरवत. मग तिने पार्सल छातीशी धरलं, नोट पर्समध्ये टाकली आणि जिना चढून गेली. तोई म्हणाला, “तिचं घर तिथून तासाभरावर आहे म्हणते. नेऊन देईन म्हणते.” मावशी घरी येऊन मनसोक्त रडली.

संध्याकाळी इवोनच्या लेकीचा, डेझीचा, फोन आला. मावशीने केलेला गाढवपणा सांगून टाकला आणि म्हणाली, “तिच्या कानाला लाव फोन. ऐकू येवो न येवो.”

“इवोने, कामोका पाठवलाय गं तुला.”

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग, कित्येक महिन्यांनंतर, इवोन आपल्या बोलीत बोलली:

“कुणाबरोबर?”

“एका बाईबरोबर. जहाजाने येतोय.”

“कुठवर आलंय, ताई?”

मावशीने खिडकीतून पाहिलं. धुळीत दिव्यांची एक रांग सरकत होती. “आत्ता सुटलं बघ. पण वळसा घालून येणार आहे, वेळ लागेल.”

“लागू दे,” इवोन म्हणाली. “येईस्तोवर थांबते मी.”

त्या संध्याकाळी तिने चार चमचे सूप घेतलं. ते सांगायला डेझीने पुन्हा फोन केला.

तेव्हापासून इवोन रोज विचारते, कुठवर आलं, आणि तोई फोनवरच्या नकाशात जहाजाचा ठिपका दाखवतो, आणि मावशी सांगते. ब्राझील झालं. खंडाचं पार खालचं टोक झालं. आता निळंच निळं आहे, बेटंसुद्धा नाहीत. डॉक्टरांचा महिना उलटून तीन आठवडे झाले. मावशी रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावते. इतकी वर्षं जहाज लवकर पोचू दे म्हणून लावायची, आता म्हणते, देवा, त्याला घाई करू देऊ नकोस.