आम्ही सरांची खोली आवरली

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, छत्रपती संभाजीनगरातलं सर्वांत अचूक घड्याळ क्रांती चौकामागच्या एका दोन खोल्यांच्या घरात होतं. त्याला काटे नव्हते. आणि ते मी व माझा मित्र सलीम, अशा दोन शिकल्यासवरल्या गृहस्थांनी, एका सकाळी मोडलं.

ते घड्याळ म्हणजे पसारा सरांचं टेबल. हे नाव अर्थात आम्ही विद्यार्थ्यांनीच ठेवलेलं. सर आम्हाला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मूळचे सिल्लोडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. आता ते नाहीत. पण एन्ट्रॉपी, म्हणजे आपोआप वाढत जाणारा पसारा, हा शब्द निघाला की त्यांचे विद्यार्थी अजून त्यांचाच आवाज काढतात. पहिल्या तासाला सर खडूंचा कोरा डबा उघडायचे आणि सगळ्यांदेखत टेबलावर पालथा करायचे. "आता गप बसून बघा. आपोआप डब्यात जातेत का?" अख्खा वर्ग पाच मिनिटं खडूंकडे टक लावून बसायचा. "नाय ना? नीट असायची तऱ्हा एक, इस्कटायच्या लाख. म्हणून सगळं इस्कटत जातं, आन् आपण म्हणतो, वेळ चालली." मग स्वतःच वाकून खडू वेचायचे, घाम पुसायचे आणि विजयी मुद्रेनं सांगायचे, "बघा, डबा नीट झाला, पण मी इस्कटलो. फुकट काय नसतं!"

निवृत्तीनंतर त्यांचं टेबल दिसेनासं झालं. वर नुसते कागदांचे ढीग. एकदा मी त्यांना दिलेलं कात्रण परत मागितलं. सर खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. "खिडकीकडच्या ढिगात चार बोटं खाली. पोळ्याच्या सुमाराचं हाय." हात घातला, तर बरोब्बर तिथंच!

त्यातला एक ढीग मात्र पुस्तकाचा होता. काळ पुढंच का जातो, हे खेड्यातल्या पोरांना कळेल अशा मराठीत सर कित्येक वर्षं लिहीत होते, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर. पानांना नंबर नाहीत. "ढीगच नंबर हाय की." शेवटी शेवटी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. पुन्हा लिहिणं होणार नव्हतं.

त्या वर्षी गुरुपौर्णिमेला आमच्या अंगात भक्ती संचारली. सर आणि काकू खुलताबादला दर्शनाला गेले होते, घराची किल्ली माझ्याकडे. आम्ही खोली आवरली. कागद आकाराप्रमाणे लावले. लांब इकडे, आखूड तिकडे. मी तर फुटपट्टीनं कडा जुळवल्या!

सर दारात येऊन थांबले. नजर थेट टेबलावर गेली.

"पुस्तकाचा ढीग?"

"तोही लावला, सर. साइजप्रमाणे."

सर खुर्चीत बसले. "लेकांनो, ह्याला आवरणं नाय, पत्ते पिसणं म्हणतेत."

सलीम रडवेला झाला. "सर, हम तो अच्छाच करने गये थे…"

मला वाटलं, आता हाकलून देतील. पण सरांनी एक पान उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि त्यांचे डोळे एकदम चमकले. पानावर चहाचा डाग होता.

"चहा वरून खाली झिरपतो, खालून वर येत नाय. मोठा डाग वरच्या पानावर, खाली खाली बारीक. व्हय का नाय? एकाच ठेवणीचे डाग हुडका!"

आम्ही तिघं जमिनीवर पालथे पडलो. डागाला डाग जुळत गेला. एक डाग सोळा पानं उतरला होता. तो संपायच्या आत त्याआधीच्या कुठल्या तरी दिवशीचा चहा सुरू झालेला. संध्याकाळपर्यंत काळ सरळ झाला. सात पानं मात्र कुठंच बसेनात. मी शरमेनं ती पुढं केली, तर सर म्हणाले, "राहू दे. एवढं तर तो ठेवून घेणारच." माझ्या हातून झालेलं नुकसान इतक्या सहज काळाच्या नावावर टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काकू मघापासून दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. डागांची ती मिरवणूक त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि एकदम ओरडल्या, "अगं बाई! म्हणजे मी रोज कपाखाली बशी दिली असती, तर पुस्तक गेलंच असतं की हो!"