मला बी जळजळतं

पित्ताच्या औषधाचा पुदिन्यासारखा वास आला, की मला शहागंजातलं थोरल्या भावाचं कापडाचं दुकान आठवतं. त्याला शुगर होती, पोट सुटलं होतं आणि जळजळ उठली की तो दुकानात बसल्या बसल्या त्या औषधाची बाटलीच तोंडाला लावायचा. "पित्त हाय, दुसरं काय नाय," म्हणायचा. पुढं जेवणच जाईना, तेव्हा वहिनीनं हट्टानं त्याला दवाखान्यात नेलं. मीही सोबत गेलो. दुर्बिणीनं पोट तपासलं, आतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दुपारी डॉक्टर म्हणाले, "जठराचा कॅन्सर आहे. एक जिवाणू कित्येक वर्षं पोटात होता, त्यात शुगर आणि वजनानं धोका वाढवला." भावानं विचारलं, "जिवाणू कशानं जातो?" "गोळ्यांनी," डॉक्टर म्हणाले, "पण वेळेत कळायला हवं. तो घरात एकाकडून दुसऱ्याला लागू शकतो. अजून कुणाला त्रास आहे?" मी नाही म्हणणार, तोच वहिनी हळूच बोलली, "मला बी लई दिवसांपासून जळजळतं. यांच्या दुखण्यात माझं कुठं सांगू?" भाऊ डॉक्टरांना म्हणाला, "आधी हिला तपासा." तिच्या पोटातही तोच जिवाणू निघाला; तो गोळ्यांनी गेला. भाऊ मात्र ऑपरेशन होऊनही राहिला नाही. "त्यांच्यामुळं मी वाचले," असं वहिनी आजही म्हणते.